तोही हसला का?

अब्राहम लिंकन यांचा विनोदी स्वभाव आपल्याला माहीत असेल. पण एकदा त्यांच्याच विनोदाने एका माणसाचे मन दुखावले.

सन १८४२ मध्ये ते अमेरिकेतील इलिनॉय राज्यात वकिली करत होते. तेथील वृत्तपत्रात त्यांनी टोपणनावाने एक पत्र लिहिले. त्यात राज्याचे लेखापरीक्षक जेम्स शील्ड्स यांच्या कारभारावर टीका होती, शिवाय स्त्रियांसमोर मिरवण्याच्या त्यांच्या सवयीची थट्टाही होती. लोक हसले, शील्ड्स मात्र संतापले. त्यांनी द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. २२ सप्टेंबरला दोघेही मिसिसिपी नदीतील बेटावर तलवारींसह पोहोचले. मध्यस्थांमुळे रक्तपात टळला.

लिंकन यांना या प्रसंगाची पुढे लाज वाटत असे, त्याविषयी बोलणेही ते टाळत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८६१ मध्ये त्यांनी याच शील्ड्स यांना सैन्यात ब्रिगेडियर जनरल नेमले.

ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा. कामावरच्या टीकेला उत्तर देता येते. चारचौघांत उडवलेली खिल्ली मात्र मनाला लागते. पुढच्या वेळी ती कोणाची थट्टा करून हसत घरी आली, तर रागावू नका. प्रेमाने एवढेच विचारा, ज्याच्यावर विनोद केला, तोही हसला का?