एक इंजिन, सत्तेचाळीस वर्षे

चरित्रलेख लिहावयाचा म्हटला की आपले लक्ष सहसा संतांकडे, देशभक्तांकडे, साहित्यिकांकडे जाते. त्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर कानस, हातोडा आणि भंगाराचे लोखंड यांच्याशीच संसार मांडला, त्याचेही चरित्र आपल्या वार्षिकात यावे असे मला फार दिवस वाटत होते. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो हे असे एक गृहस्थ. एका जुन्या मोटारसायकलचे इंजिन ते सत्तेचाळीस वर्षे उघडत आणि जोडत राहिले आणि वयाच्या ६८ व्या वर्षी त्याच इंजिनावर त्यांनी जागतिक विक्रम केला.

बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी इन्व्हरकार्गिल येथे झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी खालच्या टोकाला हे गाव आहे. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली. बालपण एडनडेल येथील शेतावर गेले. घरच्या घोड्यांपैकी सर्वांत वेगवान घोडा काढायचा आणि शेतातून भरधाव न्यायचा, हा त्यांचा लहानपणचा छंद. वडिलांना तो मुळीच पसंत नव्हता. पण वेगाची ओढ वडिलांच्या नाराजीने कमी झाली नाही.

सन १९२० मध्ये त्यांनी इंडियन स्काउट नावाची नवी मोटारसायकल विकत घेतली. नावावरून वाचकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. या गाडीचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ती तयार होत असे. तिचे इंजिन सुमारे ६०० सी.सी.चे, दोन सिलिंडरांचे होते आणि तिचा जास्तीत जास्त वेग ताशी ८९ किलोमीटरच्या आसपास होता. त्या काळच्या रस्त्यांना तो पुरेसा होता, पण मन्रो यांना पुरेसा वाटला नाही. सन १९२६ पासून त्यांनी इंजिनात बदल करावयास सुरुवात केली.

इंजिनात बदल करणे म्हणजे काय, हे आपल्या कला शाखेच्या मित्रांसाठी थोडे सांगितले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते, त्याच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो आणि कनेक्टिंग रॉड त्या सरळ हालचालीचे गोल फिरण्यात रूपांतर करतो. जास्त मिश्रण आत घेतले, ते लवकर आत आले व लवकर बाहेर गेले, तर शक्ती वाढते. म्हणून मन्रो यांनी सिलिंडर मोठे केले. मूळ गाडीत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, ते त्यांनी डोक्यावर आणले. दोन कॅमच्या जागी चार कॅम बसविले. पुढे पुढे इंजिन ८५० आणि शेवटी ९५० सी.सी.पर्यंत गेले. मूळ इंजिनाच्या दीडपटीहूनही ते मोठे झाले.

हे सारे भाग कंपनीकडून मागवावेत अशी सोय नव्हती आणि पैसाही नव्हता. मन्रो मोटारसायकली विकण्याची नोकरी करीत आणि रात्री इंजिनावर काम करीत. मग साहित्य कोठून आले? पिस्टन आणि इतर भाग त्यांनी जुन्या डब्यांचे साचे करून ओतले. सिलिंडर गॅसच्या जुन्या बिडाच्या नळापासून केले. कनेक्टिंग रॉड एका जुन्या ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले. फ्लायव्हील आणि तेल फिरविण्याची व्यवस्थाही स्वतःच केली. मोजमापाला मायक्रोमीटरऐवजी चाकाची जुनी तार वापरीत, असेही सांगतात. दुसऱ्याने टाकून दिलेली वस्तू हाती घ्यायची आणि तिच्यातून आपल्याला हवा तो भाग घडवायचा, ही त्यांची रीत होती.

हे वाचताना मला माझे वडील आठवतात. ते तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये फिटर आहेत. एखाद्या जुन्या राजदूतचा भाग बाजारात मिळेनासा झाला की ते दुसऱ्या गाडीचा भाग आणतात, कानशीने घासतात, बसवून पाहतात, काढतात, पुन्हा घासतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. आई म्हणते, तुझे हात काळे होऊ नयेत म्हणून तर शिकवतोय. तिचे म्हणणे मला कळते. काळ्या हातांना किती कमी पैसा आणि किती कमी मान मिळतो हे तिने पाहिले आहे. परंतु त्या हातांत विद्या नाही, असे मात्र मला म्हणवत नाही.

कारण मन्रो यांचे काम ही केवळ हौस नव्हती. त्यात एक शिस्त होती. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की पिस्टन आणि रॉड यांच्यावर पडणारा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे कालपर्यंत टिकलेला भाग आज तुटतो. मन्रो यांचे भाग असंख्य वेळा तुटले. पिस्टन वितळले, रॉड मोडले, सिलिंडर फुटले. दर वेळी इंजिन उघडायचे, कोठे आणि कशामुळे तुटले ते पाहायचे आणि नवा भाग त्या जागी जास्त मजबूत करायचा. तुटलेले भाग त्यांनी फेकले नाहीत. शेडमधील एका फळीवर ते मांडून ठेवले आणि वेगाच्या देवाला वाहिलेला हा नैवेद्य आहे, अशा अर्थाचे शब्द तेथे लिहिले. आपण परीक्षेत नापास झालेली गुणपत्रिका लपवून ठेवतो. या माणसाने आपली सगळी अपयशे डोळ्यांसमोर मांडून ठेवली होती.

या ध्यासाची किंमतही मोठी होती. सन १९२७ मध्ये त्यांचा विवाह झाला होता, चार मुले होती. सन १९४७ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पुढे मन्रो यांनी नोकरी सोडली आणि ते एका गॅरेजमध्येच राहू लागले. तेथेच बिछाना आणि तेथेच गाडी. चरित्रनायकाचे कौतुक करताना हा भाग गाळून टाकणे मला योग्य वाटत नाही. वेगाच्या देवाच्या नैवेद्यात संसारही गेला का, याचा निवाडा करणारे आपण कोण? पण तो प्रश्न मनात उभा राहतो खरा.

अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल येथे आटलेल्या सरोवराचे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तेथे होतात. मन्रो तेथे एकूण दहा वेळा गेले. पहिल्यांदा केवळ पाहावयास, नंतर नऊ वेळा गाडी घेऊन. तेथे नुसते इंजिन बलवान असून भागत नाही. वेग तिप्पट करावयाचा तर हवेचा अडथळा कापण्यासाठी सत्तावीसपट शक्ती लागते. म्हणून गाडीला माशासारखे निमुळते कवच करावे लागले. त्या कवचात मन्रो जवळजवळ आडवे होऊन बसत. वय साठीच्या पुढे आणि हृदयाचे दुखणे सोबत.

सन १९६२ मध्ये त्यांनी ८५० सी.सी.च्या इंजिनावर ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. सन १९६६ मध्ये दुसरा. सन १९६७ च्या ऑगस्टमध्ये ९५० सी.सी.च्या इंजिनावर, १००० सी.सी.खालील गटात, ताशी २९५ किलोमीटरचा तिसरा. त्याच वर्षी पात्रता फेरीत त्यांची गाडी ताशी ३०५ किलोमीटरच्या वर गेली होती. ८९ किलोमीटरपासून निघालेली ही तीच १९२० सालची गाडी होती. तिला जन्म देणाऱ्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातील उत्पादन १९५३ मध्येच थांबले होते.

या कथेला एक शेपूट आहे. विक्रमाचा आकडा दोन धावांच्या सरासरीने ठरतो. १९६७ च्या सरासरीच्या हिशेबात चूक झाली होती, हे कितीतरी वर्षांनी त्यांच्या मुलाच्या लक्षात आले. सन २०१४ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने ती दुरुस्त केली आणि विक्रम ताशी २९६ किलोमीटरच्या थोडा वर गेला. ६ जानेवारी १९७८ रोजी मन्रो यांचे निधन झाले होते. म्हणजे मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी त्यांचा वेग वाढला! हिशेब नीट ठेवला तर गेलेल्या माणसालाही न्याय मिळतो, तो असा.

सन २००५ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि त्यांचे नाव जगभर झाले. पण चित्रपटात दीड-दोन तासांत जे घडते, त्याला प्रत्यक्षात अर्धे आयुष्य लागले होते. एकाच प्रवासात विजय मिळवून घरी परतलेला वीर, असे मन्रो नव्हते. ते पुन्हा पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा इंजिन मोडले, पुन्हा पुन्हा शेडमध्ये बसले. त्यांची मोटारसायकल आजही इन्व्हरकार्गिलमध्ये ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात पाहावयास मिळते. खिळे, हातोड्या आणि पाने घ्यावयास आलेली माणसे तिच्यासमोर उभी राहतात. तिच्यासाठी याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही.

मित्रहो, आपण पदवी घेऊ. घेतलीच पाहिजे, कारण कित्येक घरांत ती पहिलीच असेल. परंतु पदवी हाती आली म्हणजे ज्यांनी कानस धरून आपल्याला येथवर आणले त्यांच्यापेक्षा आपण जास्त जाणतो, असे समजू नये. तुटलेला भाग हातात घेऊन तो का तुटला असे शांतपणे विचारणे हा ज्ञानाचा आरंभ आहे. तो वर्गात होतो, प्रयोगशाळेत होतो आणि आमच्या तालुक्याच्या गॅरेजमध्येही रोज होतो.