तळी बुजवू नका म्हणणारे पॅट्रिक गेडिस

शहरातलं तळं घाण झालं की पहिली सूचना येते ती ते बुजवण्याची. शंभर वर्षांपूर्वीही हेच चाललं होतं. नळाचं पाणी येऊ लागलं होतं, हिवतापाची धास्ती होती, त्यामुळे तळी निरुपयोगी ठरवली जात होती. त्या बेताला ठाम विरोध करणारे पॅट्रिक गेडिस हे इंजिनिअर नव्हते, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

गेडिस यांचा जन्म 1854 चा, स्कॉटलंडमधला. तरुणपणी मेक्सिकोत असताना डोळ्यांनी दगा दिला आणि सूक्ष्मदर्शकाचं काम जवळपास सुटलं. मग त्यांचं लक्ष गावांकडे वळलं. लग्नानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिनबरोच्या जुन्या, पडक्या वस्तीत राहायला गेले. घरं पाडण्यापेक्षा दुरुस्त करायची, मोकळ्या तुकड्यांत बागा करायच्या, ही त्यांची पद्धत तिथेच ठरली.

1914 साली, साठीत, ते भारतात यायला निघाले. नगररचनेच्या प्रदर्शनाचं त्यांचं सामान ज्या जहाजात होतं ते एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. गेडिस यांनी नव्याने सामान जमवलं आणि 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलंच. त्यानंतर गावोगावची बोलावणी सुरू झाली. 1915 मध्ये ठाण्यासह मुंबई इलाख्यातल्या काही गावांवर त्यांनी अहवाल दिले, 1916 मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यावर.

तळ्यांबद्दल त्यांचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. डास वाढतात ते दुर्लक्षित पाण्यात. तळ्यात मासे आणि बदकं असली की ती डासांच्या अळ्या खातात. तळ्यामुळे आसपासच्या विहिरींना पाणी राहतं, उन्हाळ्यात हवा थंड राहते. बुजवण्याचा खर्च करण्यापेक्षा गाळ काढावा, काठ नीट करावा, झाडं लावावीत आणि ती जागा लोकांना संध्याकाळी बसायला, फिरायला द्यावी. पैशाचा हिशेब मांडला तरी हेच स्वस्त पडतं.

1917 हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, आणि थोड्याच आठवड्यांत ॲनाही इथे भारतात आजारपणात गेल्या. तरी काम थांबलं नाही. इंदूरचा दोन खंडांचा मोठा अहवाल 1918 चा आहे. नदीकाठ लोकांसाठी खुले आणि हिरवे करण्यावर त्यात भर होता.

इंदुरात तेव्हा प्लेगची दहशत होती. दिवाळीची मिरवणूक ज्या भागात सर्वात जास्त सफाई होईल तिथूनच जाईल, असं गेडिस यांनी जाहीर केलं. मग काय, घरोघर झाडू निघाले! मिरवणुकीत राक्षस आणि भला मोठा उंदीर होता, शेवटी त्यांचं दहन झालं. स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगारही मानाने चालले. नुसत्या नोटिसा लावून हे झालं नसतं.

1919 पासून त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. पुढे नाव काढलेले गो. स. घुर्ये यांना त्यांनीच विलायतेला शिकायला पाठवण्यासाठी निवडलं. 1924 मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी भारत सोडला, आणि एप्रिल 1932 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे ते वारले.

ठाण्याच्या मासुंदा तळ्यावर संध्याकाळी अजूनही गर्दी असते. बडोद्याचं सूरसागरही शहराच्या मध्यभागी आहे.