एक्स्प्लेनर : विदर्भातील डायनासोरची हाडे जगासमोर आणणारे हिस्लॉप कोण होते?

परभणीची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे या लाव्हाखालचा थर उघडा पडला आहे. तिथेच डायनासोरची हाडे सापडली.

कोणाला सापडली?
स्टीफन हिस्लॉप यांना. जन्म १८१७, स्कॉटलंड. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले. तिथे त्यांनी शाळा काढली. फावल्या वेळात सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते खडक आणि जीवाश्म गोळा करत.

हे डायनासोर कसे होते?
पिसदुऱ्याचे टायटॅनोसॉर शाकाहारी होते. लांब मान, लांब शेपूट, खांबासारखे पाय. त्याच काळात नर्मदेच्या खोऱ्यात राजासॉरस हा मांसाहारी शिकारी फिरत होता. त्याच्या डोक्यावर बुटके शिंग होते.

हिस्लॉप यांचे पुढे काय झाले?
४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून ते बोरीला परतत होते. रात्री पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय अवघे ४५.

पिसदुरा आजही महत्त्वाचे का?
डायनासोरच्या काळात गवत नव्हते, असे शास्त्रज्ञ मानत. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना पिसदुऱ्यातील डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले. तो समज तिथेच मोडला.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.