पंडिता रमाबाई आणि शब्दांची उजळणी

मुंबईहून निघालेली आगगाडी कर्जत सोडून बोरघाट चढूं लागते, आणि पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेवर केडगांव येतें. त्या केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. विधवांची व अनाथांची आई म्हणून रमाबाईंचें नांव आमच्या कर्जत-खालापुराकडील मंडळ्यांत आदरानें घेतलें जातें. परंतु ह्या बाईंनीं परक्या भाषा कशा आत्मसात केल्या आणि त्या विद्येचें अखेर काय केलें, ही हकीकत फारशी सांगितली जात नाहीं. ती आज प्रिय वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित. स्त्रियांस ती भाषा शिकवूं नये अशी त्या काळची समजूत असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें आणि त्यासाठीं जातभाईंचा रोष पत्करला. शास्त्रीबुवा वृद्ध झाले तेव्हां धाकट्या मुलीस शिकविण्याचें काम आईवर आलें. दिवसभर घरकामाचा रगाडा. म्हणून ती माउली उजाडण्यापूर्वीं मुलीस उठवी, जवळ घेई आणि तोंडी पाठ देई.

हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरे. देवळांत व नदीच्या घाटांवर पुराणें वाचून जें मिळे त्यावर त्यांचा निर्वाह चाले. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. एकदां पाठ झालेला अध्याय तेथेंच संपत नसे. नव्या गांवीं, नव्या श्रोत्यांपुढें, कांहीं दिवसांनीं किंवा कांहीं महिन्यांनीं तोच अध्याय पुन्हां ओठांवर येई. भागवताचे अठरा हजार श्लोक बाईंस लहान वयांतच मुखोद्गत होते, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्याचें श्रेय केवळ बुद्धीस न देतां ह्या फिरून फिरून येणाऱ्या उजळणीसही द्यावें, असें आमचें मत आहे.

पुढें दुष्काळानें आईबाप व वडील बहीण हिरावून नेलीं. भाऊ श्रीनिवास ह्याच्यासह रमाबाई पायीं फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. आणि १८८२ मध्यें, कन्या मनोरमा अगदीं तान्ही असतां, त्या विधवा झाल्या.

त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं इंग्रजीचा अभ्यास आरंभिला, आणि १८८३ सालीं मुलीस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकावी अशी बाईंची इच्छा होती; पण कानांनीं नीट ऐकूं येत नसल्यामुळें ती सोडावी लागली. ज्याचे कान साथ देत नाहींत त्यास परकी भाषा शिकणें किती जड जातें, हें सांगावयास नको. तरी त्या खचल्या नाहींत. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः विद्यार्थिनी होऊन शिकत. १८८७ सालीं अमेरिकेंत उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. तेथें मिळालेल्या साहाय्यावर १८८९ मध्यें मुंबईंत शारदासदन उघडलें, तें दुसऱ्याच वर्षीं पुण्यास गेलें. पाठ केलेले परके शब्द अशा रीतीनें विधवांच्या डोक्यावरचें छप्पर झाले.

ह्याच सुमारास, १८८५ सालीं, जर्मनींत हेरमान एबिंगहाउस नांवाच्या विद्वानानें स्मरणशक्तीवर ग्रंथ छापला. अर्थहीन अक्षरें स्वतः पाठ करून त्यांचा विसर किती वेळांत किती पडतो, हें त्यानें मोजलें. त्यास असें आढळलें कीं, विसर पहिल्या कांहीं तासांतच झपाट्यानें पडतो व मागाहून मंदावतो. एका बैठकींत पुष्कळ वेळां घोकण्यापेक्षां तीच उजळणी निरनिराळ्या दिवशीं वांटून केली, तर श्रम कमी लागतात. केडगांवच्या बाईंनीं हा ग्रंथ पाहिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लक्ष्मीबाईंच्या पहाटेच्या पाठांस त्या शोधाची साक्ष मिळते खरी.

आतां बाईंच्या शेवटल्या कामाकडे वळूं. दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों स्त्रिया व मुली मुक्तिसदनांत आल्या. त्या काळच्या मराठी पवित्र शास्त्रांतील संस्कृतप्रचुर शब्द त्यांस उमजत ना. संस्कृतांत वाढलेल्या ह्या पंडितेनें तेव्हां संस्कृताचा थाट बाजूस ठेविला. इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठींत सबंध शास्त्र उतरविण्याचें काम त्यांनीं उतारवयांत हातीं घेतलें. सुमारें अठरा वर्षें तें चाललें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. तरी आईनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. काम पुरें होतें न होतें तोंच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या प्रभूमध्यें निजल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत, तेथील स्त्रियांच्याच हातून, तें शास्त्र छापून निघालें.

बंधुभगिनींनो, ह्यांत आपणांस काय बोध आहे? आपल्या कातकरी व ठाकूर वाड्यांवरील मुलांस शाळेंतली पुस्तकी मराठीही अर्धी परकीच, मग इंग्रजीची गोष्ट कशास? त्यांतच दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्टीवर जातात, आणि मुलें परत येतात तों शिकलेले शब्द पुसून गेलेले असतात. अशा मुलास मठ्ठ म्हणूं नये. उजळणी तुटली, एवढाच त्याचा दोष.

ह्यावर एक सोपा उपाय आहे. १९७० नंतर सेबास्टियन लाइटनर ह्यांनीं तो लोकप्रिय केला. जाड कागदाच्या चिठ्ठ्या कराव्या. एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ. एका डब्यांत पांच कप्पे करावे. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यांत ठेवावी. अर्थ आधीं आठवावा, मग चिठ्ठी उलटावी. आठवला तर ती पुढच्या कप्प्यांत जाईल, चुकला तर पुन्हां पहिल्यांत येईल. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनीं, तिसरा आठवड्यानें, चौथा पंधरवड्यानें, पांचवा महिन्यानें पाहावा. हा डबा भट्टीवरही नेतां येतो, आणि संध्याकाळची दहा मिनिटें त्यास पुरतात. वडील मंडळींनीं जवळ बसून विचारावें. वाचतां न येणाऱ्या आईसही मुलाच्या तोंडून शब्द ऐकतां येईल.

मात्र शब्द पाठ होणें ही पायरी आहे. बाईंनीं बाळपणीं पाठ केलेले श्लोक पुष्कळ श्रोत्यांस कळत नसत. म्हाताऱ्या वयांत शिकलेले शब्द त्यांनीं निरक्षर बहिणींस कळावे म्हणून वेंचले. आपल्या मुलांनीं जो शब्द शिकावा तो शेजाऱ्याच्या उपयोगीं पडावा, अशी प्रभु त्यांस बुद्धि देवो.