टाकाऊ लांकडाचा सोयरा

चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांचा जन्म कलकत्त्यास जोडासांको येथें ७ ऑगस्ट १८७१ रोजीं झाला. रवींद्रनाथ त्यांचे नात्यानें चुलते. १९०५ सालच्या भारतमातेच्या चित्रानें ते विख्यात झाले. नंदलाल बोस त्यांचेच शिष्य. परंतु उतारवयांत, कीर्ति देणारा कुंचला बाजूस ठेवून, हा थोर पुरुष वाळक्या फांद्या, मुळ्या व बांबूचे तुकडे वेंचूं लागला. लांकडांत दडलेला पक्षी, पशु वा माणूस आधीं ओळखावा, मग नको तेवढेंच तासावें, ही त्यांची रीत. ह्या मूर्तींस त्यांनीं ‘कुटुम काटाम’ म्हटलें. कुटुम म्हणजे सोयरा. ५ डिसेंबर १९५१ रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, लोह्याच्या बांधावरील बाभळीची वांकडी फांटी चुलींत घालण्यापूर्वीं एकवार निरखून पाहा, एवढेंच आम्ही सुचवितों.