बहात्तर गावांचा राजा

आपल्या भागात एका दिवसाची ट्रिप म्हटली की महाबळेश्वर, कास नाहीतर पन्हाळा. औंध, ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी, आटपाडी ही नावं एस.टी.च्या नाहीतर स्टेशनच्या बोर्डावर कायम दिसतात, पण तिथे मुद्दाम उतरतं कोण? मित्रांनो, ही चारही गावं एका धाग्याने जोडलेली आहेत. तो धागा म्हणजे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पंतप्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापासूनचं, त्यामुळे घराणं मोठं. पण संस्थान मात्र अगदी छोटं. एकूण ७२ गावं, तीसुद्धा सलग नाहीत. थोडी आजच्या सातारा जिल्ह्यात, थोडी सांगलीत, काही थेट विजापूरकडे. पाऊस कमी, उत्पन्न त्याहून कमी. १९०९ साली बी.ए. झालेले बाळासाहेब गादीवर बसले तेव्हा त्यांच्या हातात आलं ते हे असं विखुरलेलं, दुष्काळी राज्य. अशा राजाने काय करावं? खजिन्यात पैसा नसला तरी जागा आणि विश्वास देता येतो, हे त्यांनी ओळखलं. पुढचं त्यांचं सगळं आयुष्य म्हणजे याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी पहिल्यांदा किर्लोस्करवाडीला जावं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला लोखंडी नांगर बनवत होते. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष पसरतं अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. जरा जम बसतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. माणूस चाळिशीचा, डोक्यावर मशिनं, आणि जायला जागा नाही! त्यावेळी बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि वर दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान, सापांनी भरलेलं. पण १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला, गाव वसलं आणि पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. आज पंप म्हटलं की जे नाव आठवतं, ते त्या ३२ एकरांमुळे टिकलं.

त्याच पुणे-मिरज लाईनवर, कराड स्टेशनला लागून ओगलेवाडी आहे. तिथे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. गावात लाईट नव्हती त्या काळात घरोघरी जो 'प्रभाकर' कंदील होता, तो इथला. कारखाना आता बंद आहे, पण ओगल्यांवरून गावाला पडलेलं नाव अजून टिकून आहे.

राजेसाहेब स्वतः काय करायचे? एक म्हणजे चित्रं काढायचे. रामायणावरची त्यांची चित्रं पुस्तकरूपाने छापली गेली. दुसरं म्हणजे उभं राहून कीर्तन करायचे. आणि तिसरं म्हणजे सूर्यनमस्कार. रोज न चुकता घालायचे, त्यावर पुस्तकं लिहिली आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले. तेव्हाच्या पोरांना ती सक्ती आवडली असेलच असं नाही! पण आज जगभर योगाच्या क्लासमध्ये जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसारात या राजाचा वाटा मोठा आहे.

औंध साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे ४०-४५ किलोमीटरवर आहे. डोंगरावर यमाईचं मंदिर आणि वर जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय. १९३८ साली बाळासाहेबांनी ते बांधलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथे आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. पॅरिसला जाऊन लोक म्युझियमसमोर रांगा लावतात. इथे खटाव तालुक्यातल्या एका खेड्यात, राजाने आयुष्यभर जमवलेला ठेवा सर्वांसाठी मांडून ठेवलाय. खासगी वाड्यात ठेवला असता तर आपल्याला तो दिसला असता का?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. १९३८ मध्ये, वयाच्या सत्तरीत, बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेला द्यायचं जाहीर केलं. इंग्लंडहून शिकून आलेले त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर यांनी त्यात पुढाकार घेतला. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुका समिती, आणि तिथून राज्याचं विधिमंडळ. म्हणजे सत्ता खालून वर. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती आणि बाकीचे बरेच संस्थानिक आपले अधिकार घट्ट धरून बसले होते. सत्ता हिसकावून घेतलेली खूप उदाहरणं आपण इतिहासात पाठ करतो. आपणहून सोडलेली किती सांगता येतील?

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. हा तुरुंग होता, पण त्याला भिंत नव्हती. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासोबत राहायचं. त्यांना बांधून ठेवणारा होता तो फक्त त्यांचा शब्द. याच भागात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी हा विषय कथेत आणला, आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये त्यावर 'दो आँखें बारह हाथ' काढला. सिनेमा बर्लिनपर्यंत गाजला. गाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

पुढे कुंडल हे प्रतिसरकारचं मोठं केंद्र झालं. इंग्रजांशी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळाला. छोट्या संस्थानाला हे सोपं नव्हतं, कारण वर इंग्रज सरकार बसलेलं होतं.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. घटना लागू होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती. १३ एप्रिल १९५१ ला बाळासाहेब गेले.

नकाशावर आता औंध संस्थान नाही. पण पंपावर किर्लोस्करांचं नाव आहे, डोंगरावर चित्रं आहेत आणि आटपाडीजवळ बिनभिंतीच्या तुरुंगाचं गाव आहे. पुढच्या सुट्टीत सकाळी लवकर निघालात तर यातलं एक ठिकाण नक्की पाहून संध्याकाळच्या मेसच्या जेवणाला परत येता येईल. चारही पाहायला चार रविवार लागतील. सबमिशनच्या आधी काढा म्हणजे झालं!