कार्ल जॅन्स्की : आकाशगंगेचे रेडिओतरंग प्रथम टिपणारे अभियंते

दृश्य प्रकाशापलीकडे आकाशाचे दुसरेही एक रूप आहे, याची पहिली जाणीव विज्ञानाला करून देणारे कार्ल गुथ जॅन्स्की हे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. दूरध्वनी सेवेत येणाऱ्या खरखरीचे मूळ शोधण्यासाठी नेमलेले ते एक अभियंते होते. त्यांच्या कार्यातून रेडिओ खगोलशास्त्र ही स्वतंत्र शाखा जन्माला आली. मात्र तिची भरभराट पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

जॅन्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात नॉर्मन येथे झाला. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, तर थोरले बंधू रेडिओ अभियंते. १९२७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यानंतर पुढील वर्षी ते बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. ऐन तारुण्यात जडलेल्या मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांची नेमणूक शहराच्या धकाधकीपासून दूर, न्यू जर्सीच्या ग्रामीण भागात करण्यात आली.

अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओतरंगांद्वारे चालणाऱ्या दूरध्वनी संभाषणात कोणकोणते व्यत्यय येतात, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी त्यांनी होल्मडेल येथे सुमारे ३० मीटर लांबीची अँटेना उभारली. फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसविलेली ही अँटेना वीस मिनिटांत एक फेरी पूर्ण करी. २०.५ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर, म्हणजे साडेचौदा मीटरांहून किंचित अधिक तरंगलांबीवर, ती संदेश टिपत असे.

अनेक महिन्यांच्या नोंदींतून जॅन्स्की यांनी व्यत्ययांचे तीन प्रकार वेगळे केले. जवळच्या वादळांतील विजा, दूरच्या वादळांतील विजा आणि तिसरा, ज्याचा उगम कळत नव्हता असा मंद, अखंड सुस्कारा. प्रारंभी या तिसऱ्या प्रकाराचा संबंध सूर्याशी असावा, असे वाटले. परंतु जसजसे महिने लोटले, तसतशी त्याच्या तीव्रतेची दिशा सूर्यापासून दूर सरकू लागली. तीव्रतेचा क्षण दर २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होता. पृथ्वीला ताऱ्यांच्या संदर्भात एक परिवलन पूर्ण करण्यास लागणारा हा काळ आहे. त्याअर्थी तरंगांचा उगम सूर्यमालेच्या बाहेर होता. दिशा निश्चित केली असता तो आकाशगंगेच्या केंद्राकडे, धनू राशीच्या रोखाने असल्याचे आढळले.

एप्रिल १९३३ मध्ये वॉशिंग्टन येथील सभेत त्यांनी हा निष्कर्ष मांडला. ५ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. १९३५ सालच्या निबंधात जॅन्स्की यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. हे तरंग एखाद्या बिंदूतून न येता आकाशगंगेच्या संपूर्ण पट्ट्यातून येतात आणि केंद्राच्या दिशेने ते सर्वाधिक प्रबळ असतात, असे त्यांनी दाखवून दिले. आकाशगंगेच्या विखुरलेल्या रेडिओ उत्सर्जनाचे हे पहिले स्थूल चित्र होते.

असे असूनही या शोधाला पुढे वाट मिळाली नाही. सुस्कारा क्षीण असल्याने दूरध्वनीला त्याचा मोठा अडथळा नव्हता. कंपनीच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. तो काळ महामंदीचा होता आणि रेडिओ तंत्रज्ञान बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना परके होते. जॅन्स्की यांच्याकडे इतर कामे सोपविण्यात आली.

त्यांचे निबंध वाचून प्रेरित झालेल्या ग्रोट रेबर या तरुण अभियंत्याने १९३७ साली शिकागोजवळील व्हीटन येथे घराच्या आवारात, स्वखर्चाने सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. त्यांनी १६० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी करून तयार केलेले समतीव्रता रेषांचे नकाशे १९४४ साली प्रसिद्ध झाले.

१४ फेब्रुवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी न्यू जर्सीतील रेड बँक येथे जॅन्स्की यांचे निधन झाले. चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन हे तरंग निर्माण करतात, हे स्पष्टीकरण त्याच वर्षी पुढे आले.

नंतरच्या काळात जर्मनी, इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील दुर्बिणींच्या साहाय्याने ४०८ मेगाहर्ट्झवर संपूर्ण आकाशाचा नकाशा तयार झाला. १९८२ साली प्रसिद्ध झालेला हा नकाशा विश्वाच्या प्रारंभकाळातील प्रारणाचा अभ्यास करताना आपल्या आकाशगंगेचे उत्सर्जन वजा करण्यासाठी उपयोगी ठरला.

१९७३ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने रेडिओस्रोतांची तीव्रता मोजण्याच्या एककाला जॅन्स्की हे नाव दिले. २०१२ साली न्यू मेक्सिकोतील प्रचंड दुर्बीण समूहालाही त्यांचे नाव देण्यात आले. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ उभ्या असलेल्या तीस तबकड्यांच्या महाकाय दुर्बिणीत टिपलेल्या स्रोतांची तीव्रताही जॅन्स्की याच एककात नोंदवली जाते.